एक मिनिट बारा सेकंद

शंभर प्रश्न आणि दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट बारा सेकंद. बस डेपोतल्या कंट्रोलरनं मुलीच्या परीक्षेच्या दोन महिने आधी हे गणित मांडलं आणि त्या दोन खोल्यांच्या घरातलं सुख तिथंच संपलं.

परीक्षा प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाची होती. तीत वर आलेली मुलं टेकडीवरच्या मोठ्या शाळेत जात, उरलेली कालव्यापलीकडच्या शाळेत. कंट्रोलर स्वतः कालव्यापलीकडचा. तीस वर्षांपूर्वी याच परीक्षेत त्याचे शेवटचे अकरा प्रश्न राहिले होते. येत नव्हते म्हणून नव्हे, वेळ संपली म्हणून. ते अकरा प्रश्न त्याला अजून तोंडपाठ होते आणि त्यांची उत्तरंही. मुलीच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, एवढं एकच त्यानं मनाशी घट्ट धरलं होतं.

मुलगी दहा वर्षांची. अंगानं एवढीशी, बोलणं कमी, काम चोख, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. डेपोत लाउडस्पीकर यायच्या आधी गाडी सुटताना एक पितळी घंटा वाजवत असत. ती कपाटावर धूळ खात पडली होती. कंट्रोलरनं ती घरी आणली. रोज संध्याकाळी पाच ते सात मुंगी टेबलाशी आणि तो तिच्या पाठीशी, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात घंटा. टण् झालं की प्रश्न सुटो न सुटो, पुढचा घ्यायचा.

"बाबा, एवढी वजाबाकीच राहिलीय."

"गाडी सुटली. पुढची बघ."

त्याची बायको त्याच खोलीत खिडकीपाशी बसून लोकांचे कपडे शिवायची. टण् झालं की ती दचकायची आणि पाय मशीनवर दाबला जायचा. दोन महिन्यांत तिनं तीन झब्ब्यांच्या बाह्या तोंडाशी शिवून बंद केल्या. वरच्या मजल्यावर रात्रपाळी करणाऱ्या नर्सबाई राहत. त्या संध्याकाळी दोन तास झोप काढून कामावर जात. एक दिवस त्या तांबारलेल्या डोळ्यांनी खाली आल्या.

"अहो, हॉस्पिटलात घंटा वाजली की मला पळावं लागतं. आता मी घरीही पळते. काल झोपेत निम्मा जिना उतरले होते."

"परीक्षेपर्यंत सांभाळून घ्या," कंट्रोलर म्हणाला आणि तेवढ्यात घड्याळाकडे बघून त्यानं त्यांच्यासमोरच टण् केलं.

मुंगीनं एका शब्दानं तक्रार केली नाही. फक्त तिचं जेवण कमी झालं, नखं कुरतडून संपली आणि घास चावतानाही ती काहीतरी मोजते आहे असं तिच्या आईला वाटू लागलं. एकदा वेणी घालताना आईनं विचारलं, "भीती वाटते का गं?" मुंगी म्हणाली, "आत्ता नको विचारूस. सातनंतर विचार." आईचा हात केसांतच थांबला.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी घंटा सापडेना.

"तू पाहिलीस?" कंट्रोलरनं बायकोला विचारलं.

"मला काय विचारता? तुमची घंटा, तुमचं टाइमटेबल." तिनं मान वर न करता दोरा दातानं तोडला.

शेवटचा सराव चुकवणं शक्य नव्हतं. "आज मनातल्या मनात मोज," असं मुंगीला सांगून त्यानं तिला प्रश्नपत्रिका दिली आणि तो दाराशी उभा राहिला. वीस मिनिटांनी त्यानं डोकावून पाहिलं. मुंगी पहिल्याच प्रश्नावर होती. पेन्सिल टेबलावर आडवी, हात मांडीवर, नजर खिडकीबाहेर. तासाभरानंही तेच.

"मुंगे, अगं पुढं जा ना!"

"हं," ती म्हणाली आणि तशीच बसून राहिली.

कंट्रोलरच्या पायाखालची वाळू सरकली. तो स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकला. "आपण पोरीची वाट लावली," तो हळू आवाजात म्हणाला. "घंटेशिवाय ती हलत नाही. उद्या दोन तास पहिल्याच प्रश्नावर बसेल."

"आपण?" मागोमाग आलेली बायको म्हणाली.

सकाळी मायलेकी शाळेकडे निघाल्या आणि कंट्रोलरनं घर उलथंपालथं केलं. घंटा चिंध्यांच्या टोपलीत तळाशी निघाली. बायकोशी भांडायला वेळ नव्हता. त्यानं ती टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली आणि शाळा गाठली.

फाटकावर बैठक व्यवस्था लावली होती. मुंगीचा नंबर सात नंबरच्या वर्गात होता. वर्ग मागच्या बाजूला, खिडक्यांखाली सायकलींची शेड. दहाला पेपर सुरू झाला. साडेदहाला शाळेच्या शिपायानं घंटेचा एक टोला दिला. दर अर्ध्या तासाला एक टोला, चौथ्याला पेपर संपला, हे मुलांना आधीच सांगून ठेवलेलं होतं. वर्गात घड्याळ नव्हतं आणि मुलांची घड्याळं बाहेर काढून घेतली होती. हे सगळं फाटकावरच्या सूचनांत छापलेलं होतं. कंट्रोलरनं जन्मभर दुसऱ्यांना सूचना वाचायला लावल्या होत्या. त्या दिवशी त्यानं फक्त नंबर वाचला.

दहा चाळीस झाले आणि त्याला राहवेना. आत आपली पोर पहिल्या प्रश्नाकडे बघत बसली आहे, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. तो कुंपणाला वळसा घालून शेडमध्ये शिरला, सायकलींच्या मागं बसला आणि घड्याळावर नजर ठेवून त्यानं घंटा हलवली. टण्. एक मिनिट बारा सेकंद. टण्. वरून कोणाच्या तरी रडण्याचा आवाज आला. पुन्हा एक मिनिट बारा सेकंद. टण्.

शाळेचा एक आणि त्याचे तीन असे चार टोले झाले.

सात नंबरच्या वर्गावर देखरेखीला एक वयस्कर बाई होत्या. त्यांना खुर्चीत डुलकी लागली होती. चौथ्या टोल्याला त्या दचकून उठल्या, "संपली वेळ, पेन्सिली खाली!" म्हणाल्या आणि भराभरा पेपर गोळा करून त्यांनी पाकिटाला सील ठोकलं. शेजारच्या वर्गातल्या मास्तरांनी सात नंबरचं पाकीट निघालेलं पाहिलं आणि आपणच मागं राहिलो असं वाटून त्यांनीही पेपर हिसकावले. व्हरांड्यात मुलं ओरडत होती, रडत होती. कंट्रोलरला वाटलं, पेपर अवघड दिसतोय. आता तर घंटेची फारच गरज आहे. त्यानं आणखी एक टोला दिला आणि वॉचमननं त्याची कॉलर धरली.

मुख्याध्यापिकांनी घंटा टेबलावर ठेवून घेतली.

"काम काय करता?"

"कंट्रोलर आहे."

"कशाचे?"

कंट्रोलरनं खाली पाहिलं. "गाड्यांचे," तो म्हणाला.

सील केलेलं पाकीट पुन्हा उघडता येत नाही, असा नियम होता. दोन वर्गांचा पेपर झाला आणि बाकीच्यांचा चालू, असंही चालत नव्हतं. त्यामुळे साऱ्या केंद्राचा पेपर रद्द झाला. पंधरा दिवसांनी पुन्हा परीक्षा, दोनशे बारा मुलांची. त्यांतलं एक जण त्याच्या घरचं होतं.

बाहेर पालक त्याला काय काय बोलले ते न लिहिलेलं बरं. एका केमिस्टनं तर मुलाला सुट्टीत गावी न्यायला काढलेली तिकिटं त्याच्या नाकासमोर नाचवली. मुलं मात्र काही बोलली नाहीत. त्यांना आणखी पंधरा दिवस अभ्यास होता. ती नुसती उभी राहून त्याच्याकडे बघत होती आणि ते त्याला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. फक्त दोन वेण्यांची एक मुलगी जवळ आली. "थँक्यू काका," ती कुजबुजली. "मला नाहीतरी काहीच येत नव्हतं."

मुंगी सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. आई गिऱ्हाइकाच्या बाह्या उसवायला आधीच घरी गेली होती. बाप-लेक घराकडे चालू लागले. कोपरा ओलांडल्यावर त्यानं धीर केला.

"किती झाले होते गं?"

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस?" त्यानं सवयीनं हिशेब केला. "म्हणजे सहा प्रश्न पुढं होतीस! घंटेशिवाय?"

"हो."

"मग काल काय झालं होतं? काल तर तू पहिल्याच प्रश्नावर बसली होतीस!"

"काल घंटा नव्हती ना," ती म्हणाली. "दोन महिन्यांत पहिल्यांदाच घरात शांत होतं. बरं वाटत होतं. म्हणून जरा बसले."

आपले अकरा प्रश्न आपण या एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर लादले, हे कंट्रोलरला तिथं रस्त्यात कळलं. त्याची त्याला फार लाज वाटली. "चुकलं माझं, बाळा," तो म्हणाला. आतापर्यंत तो हे कोणालाच म्हणाला नव्हता, डेपोतही नाही.

मुंगीनं मान हलवली. दहा पावलं गेल्यावर तिनं विचारलं, "बाबा, तुमच्या डेपोतून सगळ्यात लांब जाणारी गाडी कुठली?"

"सकाळी सहा दहाची. पोचायला अकरा तास."

"परत कधी येते?"

"दुसऱ्या दिवशी दुपारी. का गं?"

"परीक्षेच्या दिवशी तुम्ही त्या गाडीनं जा."

"अगं, मी कंट्रोलर. मी गाडीवर जात नसतो."

"मग तिकीट काढून जा," मुंगी म्हणाली. ती चिडलेली नव्हती, समजावून सांगत होती. "खिडकीशी बसा. कोणी काही विचारत नाही. बरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी कंट्रोलर आपल्याच डेपोत, सहा दहाच्या आगाऊ तिकिटासाठी रांगेत, सातव्या नंबरवर गुपचूप उभा होता.