गुप्तता समितीचे जाहीर कार्य

माणसाला स्वतःच्या रक्ताची माहिती जितकी कमी, तितका त्या रक्ताचा अभिमान अधिक. या न्यायाने इंदूरच्या आमच्या स्नेहसंवर्धक मंडळाचा अभिमान कृष्णपुऱ्यातल्या राजघराण्याच्या समाधी-छत्र्यांहून उंच होता. आमचे पूर्वज फौजेबरोबर माळव्यात आले. जमिनी, हुद्दे, हवेल्या त्यांनी यथावकाश हातच्या घालवल्या, पण रक्त तेवढं घराबाहेर जाऊ दिलं नाही. अशा चाळीसएक निवडक घरांचं हे मंडळ.

मी दिवाकर, मंडळाचा चिटणीस. गिरणीत टाइमकीपर होतो. कोण केव्हा आला आणि लघवीच्या नावाखाली किती वेळ बिडी ओढत बसला, हे टिपणं माझं काम. पुढे देशात उदारीकरण आलं. परदेशी थंड पेयं आणि रंगीत चॅनेल आत आली आणि जागा व्हावी म्हणून आम्ही फाटकाबाहेर गेलो. गिरणी बंद पडली, पण दुसऱ्यावर नजर ठेवायची सवय काही बंद पडेना. रिकामपणी मी मुलीचं, अनुश्रीचं, एम.एस्सी.चं पुस्तक उघडलं आणि महिनाभरात लोकसंख्येच्या आनुवंशिकीतला जाणकार झालो. (पुस्तक इंग्रजीत होतं, त्यामुळे मंडळात माझी उलटतपासणी घेणारं कोणी नव्हतं.)

हे शास्त्र सांगतं की पिढ्यान्‌पिढ्या गुणांचा समतोल राहायला हवा असेल तर समाज अफाट मोठा असावा, लग्नं योगायोगाने व्हावीत आणि बाहेरून कोणी येऊ नये. यातली तिसरी अट आमचं मंडळ प्राण पणाला लावून पाळतं. योगायोगाने लग्न झाल्याची घटना मात्र आमच्याकडे एकच, आणि त्या मुलाचं नाव मंडळात काढत नाहीत. मूठभर घरांनी एकमेकांतच सोयरिकी केल्या की एखाद्या पूर्वजाचा दोष सगळ्यांत पसरतो, असंही पुस्तकात होतं. आम्ही याला घराण्याची शान म्हणत असू.

अध्यक्ष दौलतराव यांना हे मी सांगितलं. त्यांनी सोयीचं तेवढं ऐकलं. "भिया, मतलब आपल्या खूनची शुद्धता सायन्सने प्रूव्ह होऊ शकते? मग करून टाकू ना कॅम्प!"

कॅम्प झाला. पोहे-जलेबी ठेवल्यामुळे उपस्थिती विक्रमी होती. तपासायचा होता थॅलेसेमिया, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की या रोगाचा नुसता वाहक असलेला माणूस ठणठणीत असतो. नवरा-बायको दोघेही वाहक निघाले तरच मूल आजारी होण्याचा धोका, तोही चारात एक. रक्त सर्वांनी दिलं. फक्त दौलतरावांनी फीत कापली होती, आणि उद्घाटकाने सुई टोचून घेणं शोभत नाही, म्हणून त्यांचं घर तपासणीतून सन्मानपूर्वक वगळलं.

जाताना बाई म्हणाल्या, "रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात द्या. बाकी कोणाला कळायची गरज नाही."

इतका बेजबाबदार विचार मंडळाला पटणं शक्य नव्हतं. परदेशात म्हणे यावर कायदे होत होते, की कोणाचं जनुकीय गुपित कंपनीने विचारू नये, विमेवाल्याने विचारू नये. आपल्याकडे तसा कायदा नव्हता, म्हणून गिरणीची शिस्तीची नियमावली समोर ठेवून तो मी एका दुपारी लिहून काढला. त्यातली ठळक कलमं अशी:

कलम १. प्रत्येकाचं गुपित पवित्र मानलं जाईल.

कलम २. काय लपवायचं हे ठाऊक असल्याशिवाय लपवता येत नाही. सबब सर्व गुपितं प्रथम समितीला कळवली जातील.

कलम ३. समिती अकरा जणांची राहील, प्रमुख चिटणीस. (मंडळात रुसणारे अकरा होते.)

कलम ४. ज्या घरी वाहक निघेल त्या घरी समिती स्वतः जाऊन गुप्तपणे धीर देईल. यास अपवाद नाही.

अंमलबजावणी चोख होती. संध्याकाळी, जेव्हा सगळी गल्ली ओटल्यावर बसलेली असते, तेव्हा आमच्या स्कूटरी एका दारापुढे ओळीने लागत. आम्ही आत जाऊन दार लावून घेत असू. पाऊण तास धीर, चहा, शेव. बाहेर पडलो की समोरच्या ओटल्यावरून विचारणा व्हायची, "यांच्याकडे पण निघालं का?" आम्ही एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

तरी बातम्या फुटल्या. मग मी युक्ती काढली, की संशय सगळ्यांत सारखा वाटून जावा म्हणून निर्दोष घरांनाही भेटी द्याव्यात. पण ती माणसं आमच्या स्कूटरी पाहताच रस्त्यावर येऊन ओरडू लागली, "अहो, इकडे नाही! आमच्याकडे काही नाही!" त्यामुळे जिथे कोणी ओरडत नसे ते घर आपोआप नक्की होई. समितीतले दोघे गिरणी सुटल्यावर विमा एजंट झाले होते. वाहकांकडे त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. एकूण चार सोयरिकी मोडल्या, दोन नोकऱ्या हुकल्या. गुप्ततेचा भंग झाल्याची तक्रार एकही नाही. (तक्रार समितीकडेच करायची होती.)

अशा वेळी अनुश्रीने आपला रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. ती वाहक होती.

दौलतरावांच्या नीरजशी तिचं ठरलं होतं. साखरपुडा दसऱ्याला होता. मी आधी बायकोकडे पाहिलं. अंबिका म्हणाली, "माझ्याकडे काय पाहून राहिलात? माझा नॉर्मल आलाय. स्वतःचा उघडा पहले."

उघडला. माझ्याकडूनच गेलं होतं. लेकीला मी आजवर काय दिलं असा प्रश्न गिरणी सुटल्यापासून मला छळत होता. त्याचं उत्तर मिळालं.

त्या रात्री मी माझी नियमावली चार वेळा वाचली, पळवाट शोधायला. एकही नव्हती. मी लिहिलेल्या मजकुरात मला प्रथमच इतकी निर्दोष रचना आढळली आणि रडू आलं.

ठरल्या दिवशी स्कूटरी माझ्या दारापुढे लागल्या. दौलतरावांसह दहा सभासद दिवाणावर आणि खुर्च्यांत बसले, अकरावा मी. समितीप्रमुख या नात्याने मी कुटुंबप्रमुखाला, म्हणजे मला, धीर दिला. कुटुंबप्रमुखाने समितीप्रमुखाचे आभार मानले. मग अंबिकाने चहा आणला आणि दौलतराव घसा खाकरून म्हणाले, "दिवाकरजी, आम्हाला पण खानदान पहावं लागतं. आमच्या घरात तर कोणालाच काही नाही."

"काका," अनुश्री दारात उभी राहून म्हणाली, "तुमची टेस्टच नाही झालेली."

"तेच तर बोलून राहिलो बेटा. टेस्ट नाही झाली, म्हणून काही निघालं पण नाही."

तर्काला तोड नव्हती. समितीने माना डोलावल्या. सवयीने माझीही डोलली. ते अनुश्रीने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नीरजने एकट्याने जाऊन रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट आला तेव्हा तो आणि अनुश्री राजवाड्यासमोरच्या बाकावर तासभर बसले होते, इतकं समितीला समजलं. पुढच्या महिन्यात दोघांनी रजिस्टर लग्न केलं. दौलतराव आले नाहीत. मी सही करायला गेलो, आणि अंबिकाची नजर चुकवून लेकीला हळूच विचारलं, "नीरजचं काय निघालं गं?"

"बाबा, तो नीरजचा रिपोर्ट आहे."

"अगं पण मी बाप आहे तुझा!"

"हो ना. म्हणून तर तुम्हाला पण नाही सांगत. आम्हाला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे. बस."

मी गुप्तता समितीचा संस्थापक. पण खरीखुरी गुप्तता मी त्या दिवशी प्रथम पाहिली, आणि मला ती अत्यंत असभ्य वाटली. आता दोघं पुण्यात असतात. फोन येतो, आवाज आनंदी असतो. घरी पाळणा हलायचा आहे. त्यामुळे समितीचा ताण समजण्यासारखा आहे. दर बैठकीत पहिला विषय तोच असतो आणि तो मांडतो मीच.

तुम्हीही इथवर आलात ते त्याचसाठी. नीरजचं काय निघालं, हे अजून सांगितलं नाही म्हणून तुम्ही मघापासून चुळबूळ करताहात. संकोच करू नका. समितीत माझ्या शेजारची जागा रिकामी आहे, संध्याकाळी स्कूटर घेऊन या. येताना स्वतःचा रिपोर्ट तेवढा आणा.

काय म्हणता, तुमचं तपासलेलंच नाही? मग सभासद कशाला, तुम्हाला अध्यक्षच करू.