गच्चीवरची शांतिसेना

टिटवाळ्याच्या त्या सात मजली इमारतीला विंगा दोन आणि गच्ची एकच. ए विंगच्या शीलाताईंनी पापडांची चादर दोन हात पुढे सरकवली, बी विंगच्या निशावहिनींनी ती चार हात मागे ओढली. सेक्रेटरी साईनाथ वर आले तेव्हा दोघींच्या हातात लाटणी होती.

"परत आवाज आला तर उन्हाळाभर गच्चीला कुलूप!"

ऐन वाळवणात कुलूप! तेव्हा निवृत्त हवालदार मारुतीराव पुढे झाले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून ते वर्षभर काँगोत होते, आणि त्या हकीगती ऐकायला इमारतीत आता कोणी उरलं नव्हतं.

"मी येतो मध्ये. पण आपल्या देशाचं धोरण आहे. दोन्ही बाजूंनी बोलावल्याशिवाय जायचं नाही, बाजू घ्यायची नाही आणि स्वसंरक्षणाशिवाय हात उचलायचा नाही. शिवाय ठराव लागतो."

दोघींनी बोलावलं. साईनाथांनी वहीत ठराव लिहिला: दोन्ही पक्षांनी आपापल्या जिन्याच्या दारात थांबावे.

सकाळी मारुतीराव निळी टोपी घालून गच्चीच्या मधोमध बसले. दोन्हीकडे खडूच्या रेघा, मधला पट्टा निर्लष्करी. पत्नी चंद्रभागाबाईंनी तिथे कुरडया पसरल्या. "रिकामीच आहे ना जागा?"

दहाला कावळे आले.

"भावोजी, हाकला ना!" शीलाताई दारातून ओरडल्या.

"तुमचे हाकलले तर ती बाजू घेतल्यासारखं होईल."

"मग आमचे पण हाकला!" निशावहिनी म्हणाल्या.

"ठरावात कावळे नाहीत. दुरुस्ती आणा."

तेवढ्यात एक कावळा कुरडयांवर उतरला. मारुतीरावांनी टोपी फेकून मारली.

"हे काय?"

"स्वसंरक्षण."

"अंगावर कुठे आलेला तो? कुरडईवर आलेला!" दोघी एका सुरात ओरडल्या आणि एकदमच रेघा ओलांडून आल्या. एकीने कावळे हाकलले, दुसरीने दोन्ही चादरी पट्ट्यात ओढून एक केल्या. चंद्रभागाबाईंच्या कुरडया दोघींनी नुकसानभरपाई म्हणून निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या.

साईनाथ कुलूप घेऊन आले, तर दोघी एकाच चादरीशी बसून खिदळत होत्या. कुलूप खिशात गेलं. "हवालदारसाहेब, मानलं तुम्हाला!"

संध्याकाळी काँगोची हकीगत ऐकायला अख्खी इमारत गच्चीवर जमली. "तिकडे कावळे होते का हो?" निशावहिनींनी विचारलं. मारुतीराव दीड तास बोलले.

मग विजयी मुद्रेने खाली आले. दाराला आतून कडी होती.

"अगं, मोहीम फत्ते झाली!"

"आणि माझ्या कुरडया?"

मारुतीरावांनी टोपी सरळ केली आणि दाराबाहेर ताठ उभे राहिले. बोलावल्याशिवाय आत जायचं नाही, हे तर देशाचं धोरणच होतं.