डिकी हळूच लावली

स्टोअरकीपरसाहेबांनी ठरवलं, उद्या सकाळी धांदल नको. बायकोची नोकरीची मुलाखत दहाला. मूळ सर्टिफिकेटं नसतील तर परत पाठवणार, असं बजावलेलं. म्हणून सर्टिफिकेटांची फाइल आदल्या दुपारीच गाडीच्या डिकीत ठेवली आणि सासऱ्यांची झोपमोड नको म्हणून डिकी हळूच लावली. (जावई असावा तर असा. नसला तरी चालतं.)

सकाळी नऊला रिमोट दाबला. गाडी ढिम्म. पँटला पुसून दाबला, फुंकर मारून दाबला. गाडी रुसलेल्या मेहुणीसारखी गप्प.

मेकॅनिक फोनवर म्हणाला, गाडीची बॅटरी उतरलीय. रिमोटच्या पोटात साधी किल्ली असते, ती दाराला लावा. साहेबांनी पोट उघडलं. रिकामं.

"किल्ली कुठंय?" बायकोनं विचारलं.

"जागेवर आहे."

"कुठल्या जागेवर?"

साहेबांनी काचेतून आत बोट दाखवलं. पुढच्या खणात, पाकिटात, वर 'अडचणीसाठी' अशी चिठ्ठी लावून. तेवीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस. त्याच्याकडची वस्तू हरवत नाही, फक्त मिळत नाही.

मग पट्टी झाली, कपड्यांचा हँगर झाला. हँगर दाराच्या रबरात शिरला तो तिथलाच झाला. सासऱ्यांना ही गाडी पहिल्यापासून नावडती. ते दर दोन मिनिटांनी, दगड आणू का, असं मोठ्या मायेनं विचारत होते. साडेनऊ वाजले. साहेब गाडीभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरत होते, आणि बायको घड्याळाकडे बघत फेऱ्या घालत होती.

शेवटी तिनंच मेकॅनिकला फोन लावून विचारलं, चांगली बॅटरी अशी उतरते कशानं? तो म्हणाला, एखादं दार नीट लागलं नसेल तर आतला दिवा जळत राहतो.

बाईंनी फोन ठेवला, गाडीच्या मागं गेल्या, दोन बोटांनी डिकी उचलली. फाइल घेतली, रिक्षा थांबवली आणि गेल्या. साहेब हँगर धरून उभेच.

संध्याकाळी बायको नोकरी घेऊनच आली. म्हणाली, त्यांनी विचारलं, ऐन वेळी घोटाळा झाला तर काय कराल? मी सकाळचंच सांगितलं. पाच मिनिटं हसत होते.

साहेबांचा घास हातातच राहिला. "माझं नाव नाही ना सांगितलंस?"

"छे हो. नवरा काय करतो तेसुद्धा नाही सांगितलं."

"मग ठीक."

"त्यांनीच विचारलं, स्टोअरकीपर आहेत का म्हणून."