वेळ उरल्यास चित्रपट

कला नाशवंत असते, सत्कार चिरंतन असतो. चित्र फिकं पडतं, गाणं विसरलं जातं. शाल मात्र धुऊन पुन्हा वापरता येते.

चेन्नईतल्या आमच्या महाराष्ट्रीय मंडळाने हे तत्त्व ॲनिमेशनपटांचे दिग्दर्शक हेरंब यांच्या बाबतीत अकरा वर्षं निष्ठेने पाळलं. हेरंब तांबरमच्या कॉलेजातून इंजिनिअर झाला आणि ओरगडमच्या एका कारखान्यात ट्रकच्या दरवाजांच्या मुठींचे आराखडे काढू लागला. तिसऱ्या वर्षी त्याच्या हातून एका मुठीला भुवया आल्या. (ती मूठ उत्पादनात गेली नाही.) त्याने राजीनामा दिला, अड्यारला एका दातांच्या दवाखान्याच्या वर दोन खोल्या घेऊन स्टुडिओ काढला आणि मंडळाने लगोलग त्याचा पहिला सत्कार केला. तोवर स्टुडिओत फक्त पंखा लागला होता.

पुढचे सत्कार सकारण झाले. दुसरा, संगणक आला म्हणून. तिसरा, एका परदेशी चित्रपटातल्या कुत्र्याची शेपटी इथे तयार झाली म्हणून (उरलेला कुत्रा मनिलात झाला). चौथा, असल्या शेपट्या सोडून हेरंबने स्वतःचा चित्रपट सुरू केला म्हणून. पाचवा, तो अजून संपला नाही म्हणून, प्रोत्साहनपर. सहाव्याची इतिवृत्तात नोंद आहे, कारण नाही.

चित्रपट ब्याण्णव मिनिटांचा. सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणजे एकूण एक लाख बत्तीस हजार चारशे ऐंशी. काढणारी माणसं नऊ. मुख्य पात्राला आवाज तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या अन्नपूर्णाबाईंचा, वय वर्षं एक्क्याऐंशी. हेरंबने त्यांच्याकडून चार वर्षं इतक्यांदा बोलून घेतलं, की सगळे संवाद त्यांना पाठ झाले.

चित्रपट पुरा झाला. थिएटरवाल्यांनी नाही म्हटलं. मराठी कळणारी दोनशे माणसं या शहरात एका छताखाली फक्त मंडळातच सापडतात, म्हणून हेरंब अध्यक्ष मकरंदरावांकडे गेला.

"काका, या वेळी शाल नको. पिक्चर बघा. एकदाच, सगळे मिळून. तेवढ्यासाठी केलाय."

"अरे, म्हणजे काय! तुझाच कार्यक्रम, दाखवू की!" मकरंदराव म्हणाले. "शाल मात्र घ्यावी लागेल. आणून ठेवलीय."

रविवारी सकाळी दहाला कार्यक्रम. पत्रिकेत दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय, सत्कार, मनोगतं (आठ), आभार, आणि नवव्या क्रमांकावर 'वेळ उरल्यास चित्रपट'.

मंडळावर अन्याय नको म्हणून सांगतो, वेळ उरला. अकरा मिनिटं.

"हेरंब, थेट शेवट लाव रे," सचिव विद्युलताताई म्हणाल्या. "सुरुवात काय, कुणालाही कळते. पुऱ्या गार होतायत."

"ताई, पण सुरुवात पाहिल्याशिवाय शेवट…"

"बरं, मग सुरुवातीपासून लाव. आम्ही जेवता जेवता बघतो. आवाज तेवढा बंद ठेव, माइकवरून बासुंदीचं सांगायचंय."

पडदा जेवणाच्या टेबलांकडे थोडा वळवण्यात आला. टेबलांकडची माणसं पडद्याकडे वळली नाहीत, पण तशी अटही नव्हती.

पहिल्या रांगेत अन्नपूर्णाबाई एकट्याच बसल्या होत्या. पडद्यावर त्यांच्या पात्राचे ओठ हलले, शब्द आला नाही. त्यांनी दोन वाक्यं वाट पाहिली. मग स्वतःच बोलायला लागल्या, ठणठणीत, ओठांच्या हालचालीला बरोबर जुळवून. हेरंब सातव्या शालीसकट त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"आजी, चला ना," विद्युलताताईंनी आग्रह केला. "बासुंदी संपत आली."

"थांब गे. माझें बोलणें संपलें नाहीं अजून."

त्या शेवटपर्यंत बोलल्या. तोवर हॉल रिकामा झाला होता आणि दोन सोडून बाकीच्या खुर्च्या एकावर एक रचून झाल्या होत्या.

इतिवृत्तात 'चित्रपट सर्वांना अतिशय आवडला' अशी नोंद एकमताने झाली, आणि त्याबद्दल आठवा सत्कार दिवाळीनंतर ठरला.

एव्हाना तुम्हाला मंडळाचा राग आला असेल. यायलाच हवा. फक्त चित्रपटाचं नाव काय आणि त्यातली गोष्ट कशाची, हे मी अजून सांगितलेलं नाही. तुमचंही कुठे अडलं नाही.