चौथ्या क्रमांकाचा ब्लेडसो

'बॅट : साठ' असं लिहून वर्न हॅमकने पेन खाली ठेवलं आणि तो आपल्याच अक्षराकडे कौतुकाने बघत बसला. साठ म्हणजे काही खायचं काम नाही. बेसबॉलच्या पोरांना गुण द्यायचे ते वीसपासून ऐंशीपर्यंत. शून्यापासून का नाही, हे विचारायची या धंद्यात पद्धत नाही. वीस म्हणजे पोराने निमूट घरी जावं, आणि ऐंशी म्हणजे गावाने त्याचा पुतळा उभारायच्या तयारीला लागावं. एकतीस वर्षांत वर्नने साठ गुण फक्त नऊ जणांना दिले होते.

"लोरेटा, हा ब्लेडसो वरच्या संघात जाणार बघ!" तो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला.

"जाऊ दे. तू आधी जेवायला ये. सूप तिसऱ्यांदा गरम करतेय मी."

वर्नचं काम क्लबच्या फ्लोरिडातल्या सराव शिबिरात चालायचं. दोनशे पोरं, सहा मैदानं. त्यातली उद्या मोठी होतील अशी तीस पोरं निवडायची, त्यांची क्रमवार यादी करायची आणि घरी पाठवण्याजोगी जी असतील त्यांची नावं खाली वेगळी लिहायची. पूर्वी या कामाला सात माणसं होती. मग मैदानांभोवती कॅमेरे आले, ऑफिसात संगणकवाली कोवळी पोरं आली आणि वर्नचे सोबती एकेक करून मासेमारीला लागले. वर्न तेवढा उरला. गुडघे गेले, कानही निम्मे गेले. पण नजर शाबूत आहे आणि ती कुणाच्या तरी उपयोगी पडते आहे, एवढ्या एका आधारावर माणूस रोज सकाळी घडीची खुर्ची काखेत मारून उन्हात जाऊन बसायचा. हा आधारही गेला, तर पुढे काय करायचं हे त्याला खरोखर माहीत नव्हतं.

खेळाडूच्या तोंडाकडे बघायचं नाही, हा त्याचा नियम होता. "तोंड बघितलं की दया येते," असं तो म्हणायचा. तो बघायचा मनगटं, पावलं आणि पाठीवरचा आकडा. शिबिरातल्या शर्टांवर नावं नसतात, नुसते आकडे असतात. मंगळवारी एकसष्ट नंबरच्या शर्टाने तीन वेळा चेंडू कुंपणावर नेऊन आदळला होता. यादीत एकसष्ट म्हणजे ड्वेन ब्लेडसो. आणि चौऱ्याहत्तर नंबर, म्हणजे रस ऑस्ट्रँडर, तीनही वेळा हवेला बॅट मारून परत आला होता. त्याच्यापुढे वर्नने लिहिलं, 'बॅट : तीस. घरी पाठवा.' ब्लेडसोला चौथा क्रमांक देऊन गुरुवारी त्याने यादी ऑफिसला पाठवून दिली.

शुक्रवारी तो कोपऱ्यावरच्या हॉटेलात नाश्त्याला बसला होता. वाढणारी बाई ओरडली, "ब्लेडसो! तुझी अंडी!" शेजारच्या टेबलावर एक दाढीवाला, खांदे पाडून बसलेला पोरगा होता. त्याने हात वर केला. वर्नच्या पोटात गोष्ट मावेना. खेळाडूला त्याचा क्रमांक सांगायचा नाही, हा क्लबचा कडक नियम आहे. वर्नने तो एकतीस वर्षं पाळला होता. त्या दिवशी मोडला.

"तूच का तो ब्लेडसो? मी हॅमक. पोरा, तू माझ्या यादीत चौथा आहेस."

पोराचा काटा हवेतच थांबला. "मी? चौथा?"

"दोनशेंत चौथा."

"कधी बघितलंत मला, सर?"

"मंगळवारी."

ब्लेडसोने अंड्यांची बशी बाजूला सारली. मग हळूच म्हणाला, "माझ्या सासऱ्यांचं नेब्रास्कात धान्याचं कोठार आहे. तिथल्या मुकादमाची जागा माझ्यासाठी धरून ठेवलीय. येतोस की नाही, ते आज दुपारपर्यंत कळव म्हणालेत."

"नाही म्हणून कळव!" वर्न टेबलावर थाप मारून म्हणाला. "माझ्या जबाबदारीवर सांग. ही नजर फसत नाही."

शनिवारी ती नजर तिसऱ्या मैदानावर गेली, तेव्हा चौऱ्याहत्तर नंबरचा शर्ट सराव करत होता. तीच मनगटं, तीच पावलं, आणि चेंडू पुन्हा कुंपणावर! वर्नने खुर्ची तिथेच टाकली. तो लंगडत जाळीपाशी गेला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने मैदानावरच्या खेळाडूच्या तोंडाकडे बघितलं.

"तू ऑस्ट्रँडर ना रे? मंगळवारी कुठला शर्ट होता तुझ्या अंगात?"

"ब्लेडसोचा, सर," ऑस्ट्रँडर मोकळेपणाने म्हणाला. "बिचाऱ्याला एकतीस वेळा खेळून एकदाही चेंडू लागला नव्हता. मग माझा शर्ट दिला त्याला. माझ्या शर्टात गुण आहे. आम्ही सगळे असंच करतो. एप्रिलमध्ये तर मोजेही दिले होते, न धुता. धुतले की गुण जातो."

"आणि तू त्याचा घातलास?"

"उघड्याने कसा खेळू?"

"अरे, पण तू त्या शर्टात तीनदा कुंपणावर मारलास!"

"तेच ना!" ऑस्ट्रँडर दुःखाने म्हणाला. "म्हणजे शर्टात काही दोष नव्हता, सर. दोष ब्लेडसोतच आहे."

शनिवारची रात्र आणि अख्खा रविवार वर्नने छताकडे बघत काढला. एका गुणी पोराला आपण घरी पाठवायला लिहिलं, आणि ज्याने घरी जायला हवं होतं त्याला दारातून मागे ओढलं. लोरेटा म्हणाली, "फोन करून सांगून टाक ना." पण असल्या चुका फोनवर सांगायच्या नसतात. नोकरी गेली तरी चालेल, ऑस्ट्रँडर वाचला पाहिजे, असं ठरवून सोमवारी सकाळी कोट घालून तो ऑफिसात गेला.

प्रेस्टन, म्हणजे शिबिराचा प्रमुख, एकोणतीस वर्षांचा होता आणि बोलायला अतिशय गोड होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ऑस्ट्रँडर? तो तर आमचा पहिल्या नंबरचा आहे. उद्या वरच्या संघात जातोय."

"पण शर्ट..."

"शर्टाचं काय, वर्न? फटके मोजणारं यंत्र बॅटच्या मुठीत बसवलेलं असतं. पोरं शर्ट बदलतात, बॅट नाही बदलत."

"आणि ब्लेडसो?"

"त्याला सकाळीच मोकळा केला. ते तीन आठवड्यांपूर्वीच ठरलं होतं."

"मग माझी यादी?"

प्रेस्टनने संगणकात बरंच खालीवर केलं. त्याचा चेहरा जरा अवघडला. "तुमच्या याद्या आमच्या ऑफिसातल्या मार्जरीबाईंच्या पत्त्यावर येतात. त्या निवृत्त झाल्या ना."

"कधी?"

"चार वर्षं झाली." मग वर्नचा चेहरा बघून तो घाईघाईने म्हणाला, "पण म्हणूनच सांगतो, बिलकूल चिंता करू नका! तुमच्या चुकीने कुणाचंच काही बिघडलेलं नाही."

वर्न खुर्चीच्या हाताला धरून उठला. "मग मला काढून टाक रे बाबा."

"कशासाठी?" प्रेस्टन मनापासून गोंधळला. "काढायला काहीतरी केलेलं असावं लागतं. उलट तुमची पुढच्या वर्षाची नेमणूक झालीसुद्धा आहे. ती आपोआप होते."

इतका मोठा अपराध कबूल करायला आलेला माणूस इतक्या निर्दोषपणे क्वचितच बाहेर पडला असेल. एकशे वीस नावं, चार उन्हाळे, आणि ती वाचायला एक निवृत्त मार्जरी. वर्नला आपली लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. आवारात आला तर बाहेरच्या बाकावर, पायाशी मोठी पिशवी ठेवून, ब्लेडसो बसला होता.

"काढलं मला," ब्लेडसो म्हणाला.

"सासऱ्यांना फोन कर. आत्ताच्या आत्ता कर."

"केला. जागा शुक्रवारीच पुतण्याला देऊन टाकली."

वर्न त्याच्या शेजारी बसला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "पोरा, मी तुझं वाटोळं केलं. मंगळवारी मी बघितला तो तू नव्हतास. शर्ट तुझा होता, पण आत..."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"अहो सर, मंगळवारी मी कुठल्या शर्टात होतो, हे मला माहीत नसणार का? तुम्ही मंगळवार म्हणालात तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस, गाढवा? जागा घालवलीस!"

ब्लेडसोने दाढी खाजवली. "तीन वर्षांत असं मला कुणी म्हटलं नव्हतं, सर. म्हटलं, दोन दिवस तरी चौथा राहून बघू. बायकोला फोन केला तर ती रडली. मग सांगवेना."

आत कुठेतरी ऑस्ट्रँडर चेंडू हाणत होता. त्याचा खणखणीत आवाज येत होता. आणखी दोन चेंडू झाल्यावर ब्लेडसोने विचारलं, "मी चौऱ्याहत्तर नंबरात होतो ना? त्याच्यापुढे काय लिहिलं होतंत?"

"जाऊ दे रे."

"सांगा ना. आता काय फरक पडतो?"

"बॅट तीस," वर्न जमिनीकडे बघत म्हणाला. "घरी पाठवा."

ब्लेडसोने मान हलवली. त्याने ते दोन-तीनदा मनाशी घोळवलं असावं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "तुमची नजर चांगली आहे, सर."

चार वर्षांत वर्नच्या यादीला आलेला हा पहिला अभिप्राय होता. त्याने डोळे पुसले, पोराची पिशवी उचलली आणि त्याला बसथांब्यावर सोडायला गाडी काढली.