लाईट आल्यावर न उठणारा सर्व्हर

"लाईट जाऊ द्या न्हाईतर येऊ द्या, आपला सर्व्हर आपोआप उठतो!" तळेगाव ढमढेरेच्या स्टँडसमोर कॉम्प्युटरचं दुकान चालवणारा फिरोज छाती फुगवून सांगत होता. समोर अनसाबाई. त्यांच्या बचत गटाची भाजी पुण्याच्या सोसायट्यांत जायची ती फिरोजनं बनवलेल्या वेबसाइटवरून. आणि या आठवड्यात लाईट तीनदा जाऊन परत आली, पण वेबसाइट तिन्ही वेळा बंदच राहिली होती.

"आज लाईट आल्यावर बंद राहिली, तर आम्ही आपल्या फोनवर आर्डरी घ्यायला मोकळ्या," अनसाबाईंनी सांगून टाकलं.

फिरोजला हे गिऱ्हाईक घालवायचं नव्हतं. एवढं मोठं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. पण तोंड गप्प बसेल तर शपथ! "मावशी, आत्ता तुमच्यापुढं मेन स्विच पाडतो!"

पाडला. चढवला. सर्व्हर घरघरत उठला आणि पडद्यावर आलं : 'अनसाबाई' सापडत नाही.

"आँ? मग हितं काय भूत बसलंय व्हय?"

"तुम्ही न्हाई वो मावशी! आर्डरी साठवायच्या मशीनला मानानं तुमचं नाव दिलंय. सर्व्हर उठला की तिला नावानं शोधतो. ती कुठं हाय, ते राऊटर सांगतो."

फिरोजनं सर्व्हर बंद केला आणि बटण दाबून पुन्हा हातानं चालू केला. लगेच चालला! पुन्हा मेन स्विच पाडून चढवला. पुन्हा अनसाबाई बेपत्ता! त्यानं वायर बदलली, बोर्ड बदलला, शेवटी सर्व्हरचं तोंडच राऊटरकडे करून ठेवलं. हातानं चालू केला की गुणी बाळ, लाईट आली की ढिम्म! सातव्या खेपेला अनसाबाईंनी पिशवी काखेत मारली.

मांडवगणच्या जीपची वाट बघत शेतकरी तात्याबा दुकानात मघापासून बसले होते. "फिरोज, त्या राऊटरचा दिवा हिरवा व्हायला किती येळ लागतो?"

"मिनिटभर, तात्याबा."

"आन् सर्व्हर?"

"वीस सेकंदात तयार! लई फास्ट हाय!"

"मग झोपलेल्याला पत्ता इचारतोय की लेका त्यो! आमच्या हिरीवरची मोटार आपोआप चालू करणाऱ्या ऑटोला टायमर कशापायी हाय? लाईट आल्या आल्या समद्या मोटारी एकदम उठल्या तर डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर जळतो. त्याला जरा थांबाया शिकव."

फिरोजनं कपाळावर हात मारला. इतकं सोपं! सर्व्हरनं दोन मिनिटं दम धरावा अशी एक ओळ त्यानं घाईघाईनं लिहिली आणि स्विच पाडून चढवला.

अर्धं मिनिट. एक मिनिट. राऊटर हिरवा, पण पडदा काळाच! फिरोजला राहवेना. त्याचा हात बटणाकडे गेला, तोच तात्याबांनी मनगट धरलं.

दोन मिनिटं झाली आणि वेबसाइट उघडली! पाठोपाठ टिंग! वाघोलीच्या सोसायटीची दहा किलो गवारीची आर्डर! अनसाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "ऱ्हाऊ दे बाबा काम तुझ्याकडंच."

फिरोजची छाती पुन्हा फुगली. "म्हटलं नव्हतं? आपोआप उठतो!"

"उठतो की," त्याचं मनगट अजून न सोडता तात्याबा म्हणाले, "पर अनसाबाई, एक टायमर ह्यालाबी बसवा!"