काटकोनकाकांच्या तीन पायऱ्या

"सही करणार नाही म्हणजे नाही!" काटकोनकाकांनी टेबलावर असा हात आपटला की कप बशीतून उडाला. काकूंनी तो वरच्यावर झेलला. त्यांना सवय होती.

काका जन्मभर फर्निचर करत आले. कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची चौकट नजरेने मापायचे आणि मग "कसे आहात?" विचारायचे. त्यावरून गल्लीने त्यांचं नाव काटकोनकाका ठेवलं, आणि ते आपल्याला शोभतं असं त्यांचं स्वतःचंही मत होतं. घर त्यांनी गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून बांधून घेतलं होतं. खालच्या मजल्यावरचे पलंग, कपाटं, पुस्तकांची मांडणी, सगळं त्यांच्या हातचं. आणि अशा घराला पालिकेच्या नव्या नकाशात निळा रंग फासला होता. निळा म्हणजे पुराचं पाणी शिरण्याचा धोका. समोरच्या दंतवैद्याचं घर मात्र पांढरंशुभ्र!

"पूर काय गल्लीत येऊन पत्ता विचारणार आहे?" काका कडाडले. "माझ्याकडे शिरणार आणि त्या दात उपटणाऱ्याकडे नाही?"

"त्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?" काकू म्हणाल्या. "विमा कंपनी पुराचं नुकसान भरून द्यायला तयार आहे. फक्त घर निळ्या पट्ट्यात आहे हे मान्य करायचं आणि हप्ता जरा जास्त भरायचा. त्या बाई दोनदा येऊन हात हलवत परत गेल्या. आज शेवटचं येतायत. आज नाही म्हणालात तर प्रकरण बंद."

"होऊ दे बंद! घराचा विमा आहे की आपला."

"त्यात पूर येत नाही! आग येते, चोरी येते, पूर नाही. पुराचा वेगळा घ्यावा लागतो. नदीकाठच्या शिंपीणबाईंचं काय झालं विसरलात? मशीन गेलं, गाद्या गेल्या, आणि कंपनी म्हणाली, आग लागली असती तर दिले असते."

शिंपीणबाई काकूंच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. नदीचं पाणी त्यांच्या घरात रात्रभर होतं, आणि त्यानंतर कित्येक दिवस त्या भिजलेले कपडे गच्चीवर वाळत घालत होत्या. खालच्या मजल्यावर आपलं अख्खं घर आहे, वर नुसती गच्ची, हा विचार काकूंना झोपू देत नव्हता. पण काकांपुढे हा विचार काढणं म्हणजे त्यांच्या बांधकामावर संशय घेणं होतं.

"शिंपीणबाईंचं घर खड्ड्यात आहे," काका म्हणाले. "आपलं जोतं उंच आहे. रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून यावं लागतं आपल्याकडे. तीन! पाणी काय पायऱ्या चढणार?"

काकूंनी दाराकडे पाहिलं आणि कप विसळायला घेतला. बाई यायच्या आत भांडण वाढवायचं नव्हतं.

पण काकांच्या डोक्यात किडा वळवळला होता. बाईंच्या तोंडावर पुरावाच फेकायचा! त्यांनी माळ्यावरून लेव्हलची नळी काढली. ही लांबलचक पारदर्शक नळी पाण्याने भरायची, दोन टोकं दोन ठिकाणी धरायची. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं. तिच्यावर काकांचा बायकोपेक्षा जास्त विश्वास होता, आणि हे ते चारचौघांत बोलूनही दाखवायचे.

त्यांनी नळी भरली, एक टोक दिवाणखान्यातल्या भिंतीवर कमरेच्या उंचीला, पाणी बरोबर पेन्सिलच्या खुणेवर राहील असं बांधलं, आणि दुसरं घेऊन रस्त्यावर गेले. दंतवैद्य दवाखान्याच्या दारात पेशंटची वाट बघत उभे होते.

"डॉक्टर, हे जरा सरळ धरा. आज तुमच्या डोळ्यांदेखत नकाशाचे दात तुमच्या हातून उपटतो."

"धरतो की," दंतवैद्य म्हणाले. त्यांचा स्वभाव गरीब होता आणि सकाळपासून एकही पेशंट आलं नव्हतं.

काका आत धावले. "पाणी कुठपर्यंत आहे? छातीच्या वर असेल!"

"नाही हो. गुडघ्याच्या जरा वर."

"नीट बघा!"

"नीटच बघतोय. गुडघा माझाच आहे."

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. घर तीन पायऱ्या वर असेल तर पाणी दंतवैद्याच्या छातीशी उभं राहायला हवं. गुडघ्यापाशी उभं राहणं म्हणजे घर रस्त्याच्या खाली! हे शक्यच नव्हतं. मग चूक कुणाची? घराची नाही, नळीची नाही. राहिला नळीत अडकलेला हवेचा बुडबुडा. बुडबुड्याने भल्याभल्या गवंड्यांना फसवलंय, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

"हलू नका, डॉक्टर! बुडबुडा बाहेर काढतो!"

त्यांनी आतलं टोक सोडवून स्वयंपाकघरातल्या नळाला घट्ट बसवलं, शिवाय पाण्याची मोटर चालू केली आणि नळ पूर्ण सोडला. रस्त्यावर दंतवैद्याच्या हातातून कारंजं उडालं. तेवढ्यात गाल सुजलेलं एक पेशंट विव्हळत आलं. दंतवैद्यांनी नळीचं टोक काकांच्या फाटकापाशी अलगद रस्त्यावर ठेवलं आणि ते सकाळचं पहिलं पेशंट घेऊन आत पळाले.

स्वयंपाकघरात काका नळीला टिचक्या मारत बुडबुडा शोधत होते. पाठ दाराकडे, चष्मा कपाळावर, तोंडाचा पट्टा चालू.

"लोकांना लाज नाही! निळा रंग फासायला ब्रश लागतो फक्त. जोतं बांधायला अक्कल लागते! तीन पायऱ्या..."

"कुठे आहेत हो त्या?" काकूंना शेवटी राहवलं नाही.

"काय कुठे आहेत?"

"पायऱ्या. तुम्ही रोज येता ना चढून? कुठे आहेत?"

काकांनी टिचक्या थांबवल्या. मग चष्मा डोळ्यांवर घेतला, जणू पायऱ्या स्वयंपाकघरातच असाव्यात.

"रस्ता दर खेपेला उकरायचा सोडून वरच नवा थर ओततात," काकू म्हणाल्या. "पहिली पायरी गेली तेव्हा तुम्ही म्हणालात, गुडघ्यांना बरं झालं. दुसरी गेली तेव्हा म्हणालात, आता कपाटं बाहेर काढायला सोपं. तिसरी गेली ते तुमच्या लक्षातही आलं नाही. आता आपण घरात उतरतो, अहो! उतरतो!"

"मग... मग रस्ता चढला! त्यात माझ्या घराचा काय गुन्हा?" काका संतापाने लालबुंद झाले. हा राग खरा होता आणि रास्तही होता. फक्त आजवर त्याने चुकीचं दार ठोठावलं होतं.

"ते मला नका सांगू. आणि पायाला एवढं गार का लागतंय?"

दोघांनी खाली पाहिलं. दिवाणखान्यातून पाण्याची एक शांत, सपाट चादर स्वयंपाकघरात येत होती. तिच्यावर काकांची चप्पल तरंगत होती. रस्त्यावर सोडलेलं पाणी उतार शोधत फाटकातून आत आलं होतं, उंबऱ्यावरून उतरलं होतं आणि काकांच्या हातच्या प्रत्येक पलंगाच्या पायाशी जाऊन थांबलं होतं. दारात विम्याच्या बाई उभ्या होत्या. एका हातात बूट, दुसऱ्या हातात फोन. त्या फोटो काढत होत्या.

काकांनी नळ बंद केला, मोटर बंद केली. तोंड मात्र बंद होईना.

"फोटो काढा, काढा! भरून द्या हे!"

"आजचं नाही देता येणार," बाई सौम्यपणे म्हणाल्या. "पॉलिसी अजून सुरूच नाही. आणि हे तुमच्या नळाचं पाणी आहे. घरातलं पाणी घरात सांडलं तर तो पूर नाही. पूर म्हणजे बाहेरून, जमिनीवरून आत आलेलं पाणी."

"घरातलं? घरातलं?" काकांचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत गेला. दंतवैद्य हातात चिमटा घेऊन बाहेर आले, पाठोपाठ गाल धरून पेशंटही आलं. "अहो, हे पाणी रस्त्यावरून आलंय! या बघा मातीच्या रेघोट्या! रस्त्यावर पाणी पडलं की ते सरळ माझ्याच घरात शिरतं, दुसरीकडे कुठे जातच नाही! डॉक्टरांच्या दारात थेंब तरी आहे का? विचारा त्यांना!"

"नाही, माझ्याकडे कोरडं आहे," दंतवैद्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"ऐकलंत?"

"ऐकलं," बाई म्हणाल्या. "म्हणजे रस्त्यावरचं पाणी तुमच्या घरात शिरतं. हे तुमचं म्हणणं लिहून घेऊ?"

"घ्या की! ठळक अक्षरात घ्या! मी कुणाला घाबरतो का?"

बाईंनी निळ्या पट्ट्याच्या विम्याचा कागद पुढे केला आणि काकूंनी पेन. काकांनी तावातावाने, कागद फाटेल एवढ्या जोराने सही ठोकली. ठोकल्यावर त्यांना थोडी शंका आली, पण तोवर काकूंनी कागद पदराने पुसून बाईंच्या हाती दिलाही होता.

"पण घोट्याच्या वर गेलं नाही, तेही लिहा," काका म्हणाले. आवाज जरा उतरला होता. "काटकोनात बांधलंय घर."

"लिहिते," बाई म्हणाल्या आणि बूट हातात घेऊनच रस्त्यावर चढल्या.

काकूंनी खराटा काकांच्या हाती दिला. काकांनी पाणी दाराकडे जोरात लोटलं. ते उंबऱ्यापर्यंत गेलं, तिथे थबकलं आणि शहाण्यासारखं परत आलं.